धागा : अभ्याससंस्थेचं सभासदत्व – पात्रता कोणती, मत कोणाला, नकार कसा द्यायचा?

टिपणवही

नमस्कार मंडळी,

आमच्या व्यवसायातल्या लोकांची एक अभ्याससंस्था आहे. नियतकालिक निघतं, वार्षिक अधिवेशन भरतं, अधूनमधून कार्यशाळा होतात. आता घटना नव्याने लिहायचं ठरलंय आणि सभासदत्वाच्या प्रकरणाचा मसुदा करायचं काम माझ्याकडे आलंय. ज्यांनी अशा संस्थांच्या कार्यकारिणीत काम केलंय, छाननी समितीवर बसलेत किंवा ज्यांचे अर्ज कधी अडकलेत, अशा सगळ्यांकडून ऐकायचं आहे.

जुन्या घटनेतलं कलम जसंच्या तसं देतो :

"विषयात रुची असलेली, सुविद्य व सच्छील अशी कोणतीही व्यक्ती, दोन सभासदांच्या शिफारशीने व कार्यकारी मंडळाच्या संमतीने सभासद होऊ शकेल. अर्ज नाकारल्यास कारण देण्याचे बंधन मंडळावर राहणार नाही."

या कलमाने दोन्हीकडून नुकसान झालंय. उत्तम काम करणाऱ्या काही जणांच्या अर्जांना होकारही गेला नाही आणि नकारही नाही, ते नुसते फायलीत राहिले. उलट निवडणुकीच्या आधी मात्र एकाच हस्ताक्षरात भरलेल्या अर्जांचे गठ्ठे येतात आणि एका बैठकीत मंजूर होऊन जातात. दोन्ही गोष्टी नियमाला धरूनच होतात, हीच खरी अडचण.

हेही सांगून ठेवतो की आमची संस्था परवाना देणारी नाही. सभासद नसलेला माणूसही हा व्यवसाय करू शकतो. त्यामुळे "सभासदत्व म्हणजे गुणवत्तेचा शिक्का" असं मानावं की "विषयाची आस्था असलेल्या सगळ्यांना दार उघडं" असं मानावं, यावर आमच्यातच एकमत नाही.

जुने_दप्तर

टिपणवही, चांगला विषय काढलात. मी बरीच वर्षं चिटणीसपद सांभाळलंय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

तुमच्या कलमातला एकेक शब्द उचला आणि विचारा : हे कोण तपासणार, आणि कोणत्या कागदावरून? "रुची" कशी तपासणार? अर्ज केला हाच तिचा पुरावा, म्हणजे त्या शब्दाने काहीच काम होत नाही. "सुविद्य" म्हणजे पदवीधर का? कोणत्या विषयाचा? आणि "सच्छील" हा तर सगळ्यांत घातक. तो तपासायला कुठलाच कागद नसतो, म्हणून कोणाविषयी मनात अढी असली की नेमका तोच शब्द कामी येतो. मी असे तीन-चार ओळींचे आक्षेप वाचलेत ज्यांत आरोप एकही नव्हता, फक्त "योग्य वाटत नाही" एवढंच होतं. जे तपासता येत नाही ते पात्रतेच्या कलमात असू नये. गैरवर्तनाची काळजी असेल तर त्यासाठी आचारसंहिता आणि शिस्तभंगाचं वेगळं कलम करा. ते आत आल्यानंतर लागू होतं, दारात नाही.

पात्रतेसाठी मी नेहमी तीन वाटा सुचवतो आणि त्यांच्यामध्ये "किंवा" घालायचा आग्रह धरतो : विषयातली पदवी, किंवा ठरावीक वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव, किंवा विषयातलं प्रकाशित काम. तिन्ही कागदावर दाखवता येतात. एकट्या पदवीवर दार अडवलं तर काय गमावतो ते इतिहासात दिसतं. जॉन ग्रॉंट हा लंडनचा कापडचोपड विकणारा व्यापारी. त्याने शहरातल्या मृत्यूंच्या साप्ताहिक नोंदी चाळून १६६२ साली पुस्तक लिहिलं आणि लोकसंख्याशास्त्राचा पाया घातला. रॉयल सोसायटीने, म्हणजे लंडनच्या नामवंत विज्ञानसंस्थेने, त्याच वर्षी त्याला घेतलं. असे आणखी व्यापारी सापडले तर त्यांनाही बिनदिक्कत घ्या, असं खुद्द राजा दुसऱ्या चार्ल्सने सांगितल्याची नोंद आहे. मायकेल फॅरेडेने विद्यापीठाचं तोंड पाहिलं नव्हतं, बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला माणूस. तो १८२४ मध्ये त्याच सोसायटीचा फेलो, म्हणजे निवडून घेतलेला सभासद, झाला. आपला रामानुजन कॉलेजच्या परीक्षेत नापास झालेला, केंब्रिजची पदवी मिळाली तीही संशोधनाच्या जोरावर १९१६ मध्ये, आणि १९१८ मध्ये तो फेलो झाला.

फॅरेडेच्या निवडीत एक विरोधी मत पडलं होतं. एका विरोधात नाव बाद, असा नियम पुष्कळ मंडळांत असतो. तो तिथे असता तर फॅरेडे बाहेर राहिला असता. म्हणून मंजुरीला एकमताची अट कधीही घालू नका. साधं बहुमत नको वाटत असेल तर दोनतृतीयांश ठेवा.

दुर्वा

विद्यार्थ्यांचं काय? मी सध्या पीएचडी करतेय. एका संस्थेत "विद्यार्थी सदस्य" आहे. वर्गणी कमी आहे, अंक मिळतो, अधिवेशनात निबंध वाचता येतो. पण मत नाही, आणि पदवी मिळाल्यावर पूर्ण सभासद व्हायला पुन्हा नव्याने शिफारशी गोळा कराव्या लागतात. माझ्या आधीच्या तुकडीतल्या बहुतेकांनी तिथेच संस्था सोडली.

खडू_फळा

दुर्वा, ही गळती सगळीकडे आहे आणि तिचं कारण नियमातच असतं. विद्यार्थी सदस्याला पदवी मिळाली की त्याने कळवावं, आणि प्रमाणपत्राची प्रत दिल्यावर तो आपोआप पूर्ण सभासद व्हावा. शिफारस नाही, छाननी नाही. पहिली एकदोन वर्षं वर्गणीत सवलत ठेवावी, कारण नोकरी लागायच्या आधीच पूर्ण वर्गणीची मागणी आली की माणूस निघून जातो.

टिपणवहींच्या मूळ प्रश्नाबद्दल : शिक्का की उघडं दार, ही निवड करायलाच नको. मोठ्या संस्थांनी यावर श्रेणींचा तोडगा काढलाय. आय-ट्रिपल-ई ही विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांची संस्था घ्या. साधा सदस्य होणं तुलनेने सोपं. वरिष्ठ सदस्य व्हायचं तर १० वर्षांचा व्यावसायिक अनुभव, आणि त्यातली किमान ५ वर्षं ठळक कामगिरीची. त्याच्या वर फेलो. एका वर्षात किती फेलो करायचे यावर मतदार सभासदांच्या ०.१ टक्क्याची मर्यादा. अमेरिकन फिजिकल सोसायटीत हीच मर्यादा ०.५ टक्का. शिक्का हवा असेल तर तो वरच्या श्रेणीवर मारा, तळाचं दार मोकळं ठेवा.

मर्यादेचं महत्त्व मात्र कमी लेखू नका. रॉयल सोसायटीचाच दाखला देतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे निम्म्याहून कितीतरी जास्त फेलो असे होते की ज्यांचं विज्ञानाशी काही घेणंदेणं नव्हतं. उमराव होते, पैसेवाले होते, ओळखीचे होते. गणितज्ञ चार्ल्स बॅबेजने १८३० मध्ये त्यावर जाहीर टीका केली. अखेर १८४७ मध्ये नियम बदलले : वर्षाला फक्त १५ नवे फेलो, आणि निवड वैज्ञानिक कामावर. बाकी फारसं काही न बदलता संस्थेचं रूप पालटलं, कारण जागा मोजक्या झाल्यावर प्रत्येक नावाची तुलना दुसऱ्या नावाशी करावी लागते. एरवी प्रत्येक नाव एकेकटं समोर येतं आणि "घ्या ना, काय बिघडतं" म्हणून मंजूर होतं.

निशिगंध

श्रेणींच्या बाजूने खडू_फळांनी जे लिहिलंय त्याला एक मोठी पुरवणी जोडते, कारण यातली दुसरी बाजू मला फार महत्त्वाची वाटते. खालची श्रेणी उघडी ठेवणं आणि खालच्या श्रेणीत लोकांना कोंडून ठेवणं, यातला फरक नियमाच्या एका ओळीवर ठरतो.

लंडनच्या केमिकल सोसायटीची गोष्ट. १९०४ मध्ये मेरी क्युरींना तिथे परदेशी सन्माननीय फेलो करण्यात आलं. म्हणजे सन्माननीय श्रेणीत बाई चालत होती. पण इंग्लंडातच प्रयोगशाळांत काम करणाऱ्या, त्याच संस्थेच्या नियतकालिकात शोधनिबंध छापून आलेल्या रसायनशास्त्रज्ञ स्त्रियांना साधं फेलो होता येत नव्हतं. त्याच वर्षी १९ जणींनी सह्यांचा अर्ज दिला. मान्य झाला नाही. मग १९०८ मध्ये मधली वाट निघाली : स्त्रियांसाठी "वर्गणीदार" असा वेगळा वर्ग. ग्रंथालय वापरा, सभांना बसा, अंक घ्या, पण मत नाही आणि फेलो ही पदवीही नाही. बहुतेकींनी ते नाकारलं, आणि बरोबरच केलं. पूर्ण प्रवेश मिळाला १९२० मध्ये, तोही देशाचा कायदा बदलल्यानंतर.

या मधल्या वर्गाचा परिणाम बघा. "तुम्हाला आम्ही घेतलंच आहे की" असं म्हणायची सोय संस्थेला झाली, आणि नियम बदलायला ज्या मतांची गरज होती ती मतं मात्र आत आलीच नाहीत. मत नसलेला वर्ग स्वतःची श्रेणी स्वतः बदलून घेऊ शकत नाही.

ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हर्था आयर्टनचंही तसंच. विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे व्यावसायिकांच्या संस्थेने, तिला १८९९ मध्ये सदस्य करून घेतलं. रॉयल सोसायटीकडे १९०२ मध्ये तिचं नाव गेलं तेव्हा विवाहित स्त्रीला फेलो करायची कायद्याने सोय नाही असा सल्ला आला आणि नाव बाद झालं. १९०६ मध्ये त्याच संस्थेने तिला ह्यूज पदक दिलं. म्हणजे काम मान्य, माणूस अमान्य. तिथे पहिल्या दोन स्त्रिया, कॅथलीन लॉन्सडेल आणि मार्जरी स्टीफन्सन, निवडल्या गेल्या १९४५ मध्ये.

तेव्हा टिपणवही, जितक्या श्रेणी कराल तितक्यांच्या पुढे दोन गोष्टी लिहा : या श्रेणीला मत आहे की नाही, आणि नसेल तर मत असलेल्या श्रेणीत जायची वाट कोणती. वाट नसेल तर ती श्रेणी ठेवूच नका.

पाऊलवाट

निशिगंधताई, इतिहास पटला. तरी मताच्या बाबतीत मी थोडा वेगळा विचार करतो.

अभ्याससंस्थेत मतदार कोण यावर नियतकालिकाचं संपादक मंडळ कोणाच्या हाती जाणार हे ठरतं. पुरस्कार, अधिवेशनाचं अध्यक्षपद, निधी, सगळं तिथूनच ठरतं. विषयाशी संबंध नसलेली पण संघटित अशी मंडळी एकगठ्ठा सभासद झाली तर दोन निवडणुकांत संस्थेचा ताबा घेऊ शकतात. मी हे एका संस्थेत जवळून पाहिलंय. नियतकालिक बंद पडलं नाही, पण त्यात लिहिणारे बदलले आणि वाचणारे थांबले. त्यामुळे आस्था असलेल्यांना दार उघडं असावं हे मान्य, पण त्यांना पहिल्या दिवसापासून मत का द्यावं?

जुने_दप्तर

पाऊलवाट, तुमची भीती खरी आहे. पण तिच्यावर उपाय पात्रता कडक करणं हा नाही. एकगठ्ठा भरती करणाऱ्यांकडे पात्र माणसांचीही कमतरता नसते. उपाय तारखेत आहे.

सभासदत्व मिळाल्यापासून १२ महिने पूर्ण झाल्याशिवाय मतदानाचा हक्क नाही, एवढी एक ओळ घाला. निवडणुकीच्या तोंडावर भरलेल्या गठ्ठ्याचा उपयोगच उरत नाही. ज्याला खरंच विषयाची ओढ आहे त्याचं त्या वर्षात काही अडत नाही, त्याला अंक मिळतो, सभेत बोलता येतं. हा नियम सगळ्यांना सारखा लागू असल्यामुळे कोणाच्या हेतूची चौकशी करावी लागत नाही.

त्याच्या जोडीला तीन गोष्टी. वर्गणी अर्जदाराच्या स्वतःच्या खात्यातून यावी, दुसऱ्याने भरलेली चालणार नाही. मतदार यादी निवडणुकीच्या पुरेशी आधी गोठवावी आणि सगळ्या सभासदांना पाहायला खुली करावी, हरकतींना मुदत द्यावी. आणि निवडणूक अधिकारी उमेदवार नसावा, शक्यतो संस्थेच्या पदाधिकाऱ्यांपैकीही नसावा. यादी गोठवायची तारीख घटनेतच लिहा. ती कार्यकारी मंडळाने ठरवायची असं ठेवलंत, तर मंडळ आपल्या सोयीची तारीख ठरवेल.

अस्मानी

मी कोषाध्यक्षाच्या बाजूने लिहिते, कारण वर्गणीचं कलम नेहमी घाईत लिहिलं जातं आणि पुढे सगळी भांडणं तिथेच होतात.

आजीव सभासदत्व : बहुतेक संस्था हे निधी उभा करायला सुरू करतात. एकरकमी मोठी रक्कम येते, त्या वर्षी हिशेब छान दिसतो. मग तो माणूस पुढची तीसचाळीस वर्षं छापील अंक, टपाल आणि मतदान यांचा हक्कदार असतो आणि त्याच्याकडून एक छदामही येत नाही. रक्कम खर्च करून टाकली असेल तर पुढच्या पिढीच्या वार्षिक वर्गणीतून त्याचा अंक जातो. आजीव ठेवायचंच असेल तर ती रक्कम कायम निधीत जाईल आणि फक्त व्याज वापरता येईल, असं घटनेत लिहा.

आजीव यादीचा दुसरा त्रास गणसंख्येचा, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीचा. घटनेत "एकूण सभासदांच्या एकपंचमांश" अशी गणसंख्या लिहिलेली असते. यादीत वारलेले, पत्ता बदललेले, विषय सोडून गेलेले असे सगळे तसेच असतात. मग घटनादुरुस्तीची सभा कधी पुरी भरतच नाही, तहकूब होते, अर्ध्या तासाने तिथेच पुन्हा भरते आणि हजर असतील तेवढे लोक ठराव करतात. कित्येक संस्थांचे महत्त्वाचे निर्णय अशा तहकूब सभांत झालेले असतात. उपाय : दर ठरावीक वर्षांनी प्रत्येक आजीव सभासदाने "मी आहे, हा माझा पत्ता" असं कळवायचं. न कळवल्यास नाव "अकार्यरत" यादीत जाईल, गणसंख्येत धरलं जाणार नाही, पण सभासदत्व रद्द होणार नाही. पत्र आलं की पुन्हा कार्यरत.

थकबाकी : मुदत, एक स्मरणपत्र, सवलतीचा काळ, मग हक्क स्थगित, त्यानंतरच नाव कमी. "थकबाकी राहिल्यास सभासदत्व आपोआप संपुष्टात येईल" एवढंच लिहू नका. हे वाक्य नको असलेल्या माणसाविरुद्ध वापरलं जातं आणि हव्या असलेल्या माणसासाठी विसरलं जातं. परिस्थितीने वर्गणी न परवडणाऱ्यांसाठी माफीची तरतूद ठेवा. न्यूटनलाही रॉयल सोसायटीची आठवड्याला एक शिलिंग ही वर्गणी जड जात होती, १६७५ मध्ये त्याला ती माफ करण्यात आली. माफी कोणाला दिली हे गोपनीय राहील, एकूण किती माफ केलं हा आकडा मात्र वार्षिक हिशेबात येईल, असं करा.

खडू_फळा

अस्मानी, "अकार्यरत" यादीची कल्पना फार उपयोगी. आमच्याकडे हीच अडचण आहे, मांडतो पुढच्या बैठकीत.

दुर्वा

शिफारशींबद्दल कोणी बोललंच नाही. जिथे माझ्या विषयाचा विभागच नाही अशा ठिकाणी काम करणाऱ्या माणसाने दोन सभासद कुठून आणायचे? सूचक आणि अनुमोदक लागतात म्हटलं की अर्ज आपोआप ठरावीक दोनचार ठिकाणच्या लोकांचेच येतात.

निशिगंध

अगदी खरं, आणि याचं फार कडू उदाहरण आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियमांत कृष्णवर्णीय डॉक्टरांना मनाई लिहिलेली नव्हती. पण सभासद व्हायला आधी स्थानिक वैद्यक संघटनेचं सभासद असावं लागे, आणि पुष्कळ ठिकाणच्या स्थानिक संघटना त्यांना घेत नसत. त्यामुळे कृष्णवर्णीय डॉक्टरांना १८९५ मध्ये नॅशनल मेडिकल असोसिएशन ही वेगळी संस्था काढावी लागली. मूळ संस्थेने जाहीर माफी मागितली ती २००८ मध्ये. वरचा नियम कागदावर निर्मळ आणि खालची चाळणी दुसऱ्याच्या हातात, असं झालं की जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

म्हणून शाखेच्या किंवा दोन ओळखीच्या माणसांच्या मर्जीतून प्रवेश नको. शिफारस असेल तर उत्तम, नसेल तर अर्जदाराने कामाचा नमुना द्यावा आणि छाननी समितीने तो वाचावा, अशी पर्यायी वाट हवी.

पाऊलवाट

हे मान्य. उलट मी म्हणेन की तुमच्या मसुद्यात शिफारस ही फक्त वरच्या श्रेणीसाठी ठेवा. साध्या सभासदाला कागद पुरेत.

बारा महिन्यांच्या अटीनंतर माझा मताबद्दलचा आक्षेपही बऱ्यापैकी सुटतो. एक राहतो. नियतकालिकाचे संपादक सर्वसाधारण सभेने निवडू नयेत. ते कार्यकारी मंडळाने नेमावेत, ठरावीक मुदतीसाठी, आणि मुदतीच्या मध्ये केवळ छापलेल्या मजकुरावरून काढता येऊ नयेत. हे सभासदत्वाच्या प्रकरणात बसत नाही, पण विसरू नका.

टिपणवही

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा वाचून मसुदा पुन्हा लिहिलाय. मुख्य भाग देतो.

"सभासद : (अ) विषयातील पदवी, किंवा (आ) विषयाशी संबंधित किमान तीन वर्षांचे काम, किंवा (इ) विषयातील प्रकाशित काम, यांपैकी कोणताही एक पुरावा देणारी व्यक्ती सभासद होण्यास पात्र असेल. छाननी समिती अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत निर्णय कळवील. मुदतीत निर्णय न कळवल्यास अर्ज मंजूर झाला असे समजले जाईल. अर्ज नाकारल्यास (अ), (आ), (इ) यांपैकी कोणत्या पुराव्यात कोणती उणीव आहे ते लेखी कळवले जाईल. अन्य कोणत्याही कारणाने अर्ज नाकारता येणार नाही. नकाराविरुद्ध ६० दिवसांत अपील करता येईल. छाननी समितीतील कोणीही अपील समितीत असणार नाही."

"सहयोगी सभासद : वरीलपैकी कोणताही पुरावा नसलेली, पण विषयाची आस्था असलेली व्यक्ती. मतदानाचा हक्क नाही. सलग दोन वर्षे सहयोगी राहिल्यावर आणि त्या काळात संस्थेच्या उपक्रमात नोंदलेला सहभाग असल्यास शिफारशीविना पूर्ण सभासद होता येईल."

"मुदतीत न कळवल्यास मंजूर" या वाक्यावर आमच्या समितीत जोरदार चर्चा झाली. काहींना ते फार कडक वाटतं. मला मात्र तेच सगळ्यांत आवश्यक वाटतं, कारण आमच्याकडे नकारापेक्षा मौनाने जास्त माणसं गेली आहेत. नकाराला उत्तर देता येतं, फायलीत पडलेल्या अर्जाला काय उत्तर देणार?

जुने_दप्तर

ते वाक्य अजिबात काढू नका. कोणी अडून बसलं तर ६० चे ९० दिवस करा, पण मंजुरीचा भाग सोडू नका. छाननी समितीला काम करायला लावणारं घटनेत दुसरं काहीच नसतं. बैठक न घेणं हाच तिच्या हातातला सगळ्यांत सोपा नकार असतो.

एक भर : समितीने दरवर्षी सर्वसाधारण सभेपुढे किती अर्ज आले, किती मंजूर, किती नामंजूर, अपिलात किती फिरले, एवढे चार आकडे ठेवावेत. नावं नकोत.

खडू_फळा

सभासदत्व काढून घेण्याचं कलम दिसलं नाही. त्यात एक गोष्ट आवर्जून घ्या.

जर्मन फिजिकल सोसायटीने डिसेंबर १९३८ मध्ये आपल्या ज्यू सभासदांना संस्थेतून बाहेर पडायला सांगणारं पत्र काढलं. अध्यक्ष होते पीटर डिबाय, त्यांच्याच सहीचं. कोणावर गैरवर्तनाचा आरोप नव्हता, चौकशी नव्हती. राज्यसत्तेचा दबाव होता आणि संस्था त्यापुढे वाकली. एवढ्या टोकाच्या दबावापुढे घटनेतलं कलम टिकलं असतं असा दावा मी करत नाही. पण सभासदत्व फक्त सभासदाच्या स्वतःच्या कृतीवरून, लेखी आरोप, उत्तराची संधी, सुनावणी आणि अपील यानंतरच जाईल, आणि कोणत्याही गटाचं सभासदत्व एकत्रितपणे रद्द करता येणार नाही, असं लिहिलेलं असलं की नंतर निदान कोणी "नियमानेच केलं" असं म्हणू शकत नाही. आणि ज्याला विरोध करायचा आहे त्याच्या हातात धरायला एक ओळ असते.

गैरवर्तन कोणतं, तेही मोजकंच लिहा : वाङ्मयचौर्य, खोटी निष्कर्षसामग्री, संस्थेच्या पैशाचा अपहार, सभासदांचा छळ. "संस्थेच्या प्रतिमेस बाधा" हे घेऊ नका. पदाधिकाऱ्यांवर टीका करणारा प्रत्येक जण त्यात बसवता येतो.

निशिगंध

खडू_फळांशी पूर्ण सहमत. छळाच्या तक्रारींसाठी मात्र तक्रारदाराचं नाव सगळ्या मंडळापुढे न येता चौकशी होईल अशी तरतूद वेगळी लागेल. ज्याच्यावर आरोप आहे त्याला आरोप पूर्ण कळला पाहिजे आणि तक्रार करणारीला संरक्षणही मिळालं पाहिजे. दोन्ही साधायचं तर चौकशी समितीत संस्थेबाहेरची एक जाणकार व्यक्ती असणं मी अत्यावश्यक मानते. छोट्या विषयात सगळे सगळ्यांना ओळखतात, तुमचा मार्गदर्शक, परीक्षक आणि संपादक एकच माणूस असू शकतो.

अस्मानी

सध्याच्या सभासदांचं काय ठरवलंय? नव्या पात्रतेत न बसणारे जुने सभासद असतीलच. त्यांना पुन्हा अर्ज करायला लावलंत तर घटनादुरुस्तीच मंजूर होणार नाही, आणि झाली तरी अन्याय होईल.

टिपणवही

ते राहिलंच होतं. आमचा विचार असा की नवी घटना लागू होण्याच्या दिवशी यादीत असलेले सगळे आहेत त्या हक्कांसह कायम. फक्त आजीव सभासदांनी वर्षभरात पत्ता कळवायचा, नाहीतर नाव अकार्यरत यादीत. जे अर्ज आत्ता फायलीत पडून आहेत त्यांना ६० दिवसांचा नियम घटना लागू झाल्याच्या तारखेपासून लागू.

जुने_दप्तर

बरोबर. हे सगळं संक्रमणकालीन तरतुदी म्हणून शेवटी वेगळ्या परिशिष्टात घ्या, मुख्य कलमांत मिसळू नका. आणि पडून असलेल्या अर्जांची यादी, प्रत्येक अर्जाच्या मूळ तारखेसह, त्याच परिशिष्टाला जोडा. यादी जोडलेली नसली की "आमच्याकडे असा अर्जच नाही" हे उत्तर ठरलेलं.

टिपणवही

यादी जोडतो. फायली उद्याच मागवून घेतो, मूळ तारखा आवक नोंदवहीतून पडताळून घ्याव्या लागतील.